आदल्या रात्री पुन्हा बघा

सूर्यावरून जाणारं आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक टिपायचं असेल तर वेळ आणि पट्टा (जमिनीवरची जेवढ्या भागातून ते दिसतं ती चिंचोळी पट्टी) आदल्या रात्री पुन्हा तपासा. गेल्या डिसेंबरात मी तेवढंच केलं नाही. पाच दिवस आधी काढलेली वेळ वहीत लिहून म्हापशात मित्राच्या गच्चीवर दुर्बीण लावली, आणि सूर्य कोराच राहिला. नंतर बघतो तर पट्टा पणजीच्याही पलीकडे सरकलेला. सूर्य डोक्यावर असला तर हा पट्टा जेमतेम ४ किलोमीटर रुंद असतो, कललेला असला तर थोडा जास्त. म्हापसा-पणजी सरळ रेषेत ११ किलोमीटर. स्थानक साधारण ४०० किलोमीटरवर, तिथल्या विरळ हवेनेही ते हळूहळू खाली येतं, मग इंजिनं चालवून वर ढकलतात. त्यामुळे त्याची वेळ बदलते, आणि ती मिनिटभर बदलली तरी तेवढ्यात आपली जमीन साधारण २७ किलोमीटर पुढे गेलेली असते. म्हणून आदल्या रात्री बघा. वेळ काढताना नुसतं ‘पणजी’ टाकून नव्हे, त्या गच्चीचे अक्षांश-रेखांश टाकून.

सूर्याचा फिल्टर दुर्बिणीच्या तोंडावर, आयपीसपाशी (डोळा लावायच्या भिंगापाशी) कधीच नाही. तापून तडकला तर डोळा गेला. फिल्टरची फिल्म बल्बसमोर धरा, टाचणीएवढं भोक दिसलं तरी फेकून द्या. दुपारी खारा वारा सुटतो, चिकटपट्टीने चारी बाजूंनी घट्ट बांधा. फाइंडरला (नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीला) झाकण. मुलं जवळ असतील तर एकाने फक्त त्यांच्यावरच लक्ष ठेवावं.

दुर्बिणीची नळी उन्हात तापली की फोकस हलतो. सूर्यडागावर फोकस लावा: काळा गाभा आणि भोवतीची करडी किनार वेगवेगळी दिसली पाहिजे. डाग नसेल तर सूर्याची कड. दहा मिनिटं आधी पुन्हा लावा. कॅमेऱ्याची स्क्रीन उन्हात दिसत नाही, डोक्यावरून काळं कापड घ्या.

टोपी, पाणी, बॅटरी. व्हिडिओच घ्या, शटर १/२००० च्या आसपास. मिनिटभर आधी सुरू, मिनिटभराने बंद. सगळा खेळ अर्ध्या-पाऊण सेकंदाचा, बटण दाबायची वाट बघत बसलात तर संपलाच.

आणि वेळ, पट्टा? आदल्या रात्री. सकाळी गाडी काढण्याआधी आणखी एकदा.