केजरेटरसाठी बिअरची तोटी घेताय? या चुका टाळा

अमेरिकेत गराजमध्ये किंवा बेसमेंटमध्ये केजरेटर, म्हणजे बिअरचं पिंप आत ठेवून तोटीतून थंड बिअर देणारा फ्रिज, उभा करणाऱ्यांचा खरेदीचा क्रम बहुतेक ठरलेला असतो. आधी फ्रिज, मग केग (बिअरचं पिंप), मग सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) सिलिंडर आणि रेग्युलेटर. बजेट संपत आलं की दिसेल ती स्वस्त तोटी. पुढे बिअरला विचित्र चव आली की दोष केगला. (भारतातून वाचणाऱ्यांसाठी: तिकडे घरी बिअर बनवायला १९७८च्या केंद्रीय कायद्याने मुभा दिली. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य बनवणं हा दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. तेव्हा इथे प्रयोग नकोत.)

चकाकी बघून घेणं

फोटोत क्रोम चढवलेलं पितळ आणि स्टेनलेस स्टील यांत काडीचा फरक दिसत नाही. पण बिअर आम्लधर्मी असते, पीएच साधारण ४ ते ४.५. आतला मुलामा झिजला की पितळ उघडं पडतं आणि बिअरला धातूची चव लागते. आंबट बिअर करणाऱ्यांनी तर पितळेच्या वाटेला जाऊच नये. ३०४ ग्रेडचं स्टील घ्या. आणि तोटीबरोबर शँकचंही विचारा, म्हणजे फ्रिजच्या दारातून आरपार जाणाऱ्या नळीचं. तोटी स्टीलची आणि शँक पितळेचा, अशी जोडी सर्रास विकली जाते.

बिअर कुठे अडते हे न विचारणं

माझ्या मते खरेदीतला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि तो फारसं कुणी विचारत नाही. साध्या, स्वस्त तोटीत सील मागे, शँकजवळ असतं. तोटी बंद केली की सीलच्या पुढच्या पोकळीत थोडी बिअर उरते, तिला हवा लागते आणि ती पाकासारखी चिकट होऊन वाळते. बारमध्ये दिवसभर ग्लास भरले जातात, तिथे हे खपून जातं. घरी शुक्रवारी ओतलेली बिअर पुढच्या शुक्रवारपर्यंत तशीच. मग दांडा हलत नाही, आपण जोर लावतो आणि आतलं काहीतरी मोडतं. बुरशी आणि चिलटं वेगळीच.

पुढे सील असलेल्या तोटीत बिअर थेट तोंडाशी अडते, मागे हवा शिरत नाही. पर्लिक, इंटरटॅप, न्यूकाटॅप ही या प्रकारातली परिचित नावं. किंमत जास्त आहे, पण आठवड्यातून एकदाच ओतणाऱ्याने दुसरं काही घेऊ नये. रोज पाहुणे असतील तर साधीही चालेल.

आटे आणि लांबी न जुळवणं

अमेरिकन आणि युरोपियन तोट्यांचे आटे वेगळे, एकीचा शँक दुसरीला बसत नाही. शँकची लांबीही आधी मोजा: फ्रिजच्या दाराला पुरणारा शँक चेस्ट फ्रीझरच्या (वरून उघडणाऱ्या) झाकणाखाली बसवलेल्या लाकडी चौकटीला, म्हणजे कॉलरला, आखूड पडू शकतो. उंच, जड हँडलचा मोह आवरा, नाहीतर त्याच्या वजनाने तोटी आपोआप उघडते. तसलंच हँडल हवं असेल तर स्वतः बंद होणारी स्प्रिंग टाका.

स्टाउट या गडद बिअरची तोटी नायट्रोजन मिश्रित गॅससाठी असते. आतल्या बारीक भोकांच्या चकतीतून नेहमीची, भरपूर सीओटू असलेली बिअर सोडली तर ग्लासात फेसच येईल.

फेस आला की तोटी बदलणं

थांबा. फक्त पहिलाच ग्लास फेसाळत असेल तर तोटी आणि वरची नळी गरम आहे. आत छोटा पंखा लावून थंड हवा वर खेळवा. प्रत्येक ग्लास फेसाळत असेल तर नळी आखूड आहे किंवा दाब जास्त. १० ते १२ पीएसआय (दाबाचं एकक) दाबाला ३/१६ इंची व्हिनाइल नळी दहा फुटांच्या आसपास ठेवली की बहुतेकांचं काम होतं. दांडा अर्धवट उघडून धार कमी करायला जाल तर फेस वाढेलच. दांडा नेहमी पूर्ण उघडायचा. धार आवरायची असेल तर फ्लो कंट्रोलची तोटी मिळते, पण दोन फुटी नळीचा दोष ती नेहमी झाकू शकत नाही.

तोंडातून थेंब गळत असतील तर सील, दांड्याशी गळत असेल तर तिथली ओ-रिंग, शँकच्या जोडाशी गळत असेल तर वॉशर बघा. हे सुटे भाग तोटीबरोबरच मागवून ठेवा. ओ-रिंगला फूड-ग्रेड सिलिकॉन लावा, व्हॅसलीन नको. धुताना ब्लीच टाळा, स्टीलवर खड्डे पडतात. दर दोन आठवड्यांनी तोटी खोलून ब्रशने घासा. अमेरिकन तोटी शँकला पकडून ठेवणारी कडी समोरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवली की सुटते. उलटी फिरवत बसलात तर ती आणखी घट्ट होईल.