एम.ए., एम.एस्सी.ची शिष्यवृत्ती: अर्ज पुढे सरकला का ते बघा

पदवीच्या गुणांवर मिळणारी यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) पदव्युत्तर शिष्यवृत्ती महिना 15,000 रुपये, वर्षाला 10 महिने, अशी दोन वर्षं मिळते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची हुशार मुलं गुणांत कमी पडत नाहीत, कागदांत अडकतात, याचं वाईट वाटतं.

अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर आपणच भरायचा. पण तो संस्थेच्या नोडल अधिकाऱ्याने (कॉलेजात शिष्यवृत्तीचे अर्ज तपासणाऱ्याने) पडताळून पुढे पाठवला नाही, तर जागच्या जागी राहतो. म्हणून अर्ज भरला की प्रत आणि मूळ गुणपत्रकं घेऊन त्यांना भेटा, आणि पोर्टलवरची स्थिती दर आठवड्याला बघा. ‘डिफेक्टिव्ह’ दिसलं तर अर्ज दुरुस्तीला परत आलाय. मुदतीत सुधारून पुन्हा पाठवा.

आपल्याकडे खरी अडचण सगळ्या कागदांवर नाव सारखं नसण्याची. महाराष्ट्र बोर्डाच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. कर्नाटकच्या कागदांवर बऱ्याचदा नुसती आद्याक्षरं. चंदगडला बारावी आणि बेळगावात पदवी झालेल्यांनी आधार आणि गुणपत्रकं शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघावं, तेही अर्ज सुरू व्हायच्या आधी. आधार दुरुस्तीला वेळ लागतो.

पैसे आधारला जोडलेल्या खात्यातच येतात. दोन खाती असतील तर जोडणी कुठल्या खात्याला आहे, हे बँकेत विचारून घ्या.

विभागाकडून नाव सुचवलं जाणाऱ्या शिष्यवृत्त्यांसाठी गुण, प्रकल्प, पारितोषिकं यांचं एक पानी टिपण विभागप्रमुखांना तीन आठवडे आधी द्या. ऐनवेळी मागितलेलं शिफारसपत्र दोन ओळींचंच मिळतं.