मतभेदातून उपजणारे वैर कसे आवरावे

मतभेद झाला की आपल्याला नेमके काय लागले, हे आधी शोधावे. वडील गेल्यावर धाकटा भाऊ म्हणतो, "दादा, तेराव्याला गावजेवण नको, तेवढे पैसे शाळेला देऊ," आणि दादा उसळतो, "म्हणजे आम्ही अडाणी ठरलो का?" धाकट्याने तसा शब्दही काढलेला नसतो, पण रीत पाळणे ही दादाची ओळख झालेली असल्यामुळे रीतीवरचा आक्षेप त्याला स्वतःवरचा घाव वाटतो. अशा वेळी उच्चारले गेलेले वाक्य आणि आपण त्यात ऐकलेला अपमान कागदावर दोन वेगळ्या ओळींत लिहावा. बहुतेकदा राग दुसऱ्या ओळीचा असतो.

जग जसे आहे तसेच आपल्याला दिसते, असे प्रत्येकजण मनोमन धरून चालतो, ही गोष्ट मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी मांडली. त्यामुळे ज्याला आपले पटत नाही त्याला माहिती नसावी, विचार करता येत नसावा किंवा त्याचा हेतू तरी वाईट असावा, असे वाटू लागते. आणि सगळे समजावूनही तो बधला नाही की आपण थेट हेतूवर येतो. म्हणून हेतूवर बोट ठेवण्याआधी "तुला हे कशावरून वाटले?" एवढे विचारून उत्तर पूर्ण ऐकावे. वडील गरीब मुलांची फी गुपचूप भरत असत, हे कदाचित धाकट्यालाच ठाऊक असेल.

केवळ निःपक्षपाती राहण्याचा निश्चय पुरत नाही. फाशीच्या शिक्षेविषयीच्या 1979 च्या प्रयोगात दोन्ही बाजूंचे पुरावे वाचूनही विद्यार्थी आपापल्या मतावर अधिकच घट्ट झाले. 1984 च्या पुढच्या प्रयोगात निःपक्षपाती राहा, ही सूचना निष्फळ ठरली. मात्र याच पद्धतीच्या अभ्यासाचा निष्कर्ष उलट आला असता तर तुम्ही तो असाच तोलला असता का, हा प्रश्न उपयोगी पडला. तोच प्रश्न स्वतःला विचारावा.

शिवाशिवीसारखे माणसाला माणूस न मानणारे मत असेल, तर विरोध ठामपणेच करावा.

बाकी बोलणे शक्यतो दोघांतच व्हावे. मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांच्या प्रयोगात मुलांचे गट अगदी क्षुल्लक कारणावरून पाडले होते, तरी पैसे वाटताना मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. भावकी जमली की दादाचे आणि धाकट्याचे असे दोन पक्ष आपोआप पडतात. तेव्हा पाहुणे जेवून गेल्यावर, ओटीवर दोघांनीच बसून हा विषय काढावा.