चंद्र पाहायला येणाऱ्यांनी या चुका टाळाव्यात

गुहागरच्या किनाऱ्यावर मी नवख्यांना चंद्र दाखवतो आणि दर हंगामात त्याच चुका नव्या चेहऱ्यांनी भेटतात. त्यातली सर्वांत चिवट म्हणजे चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात, ही समजूत. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते ती केवळ चंद्रग्रहणात. तीही दर पौर्णिमेला नव्हे, कारण चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. यावर मी वाद घालत नाही. शुक्ल अष्टमीला, सूर्यास्ताच्या तासभर आधी, सोललेला नारळ चंद्राच्या दिशेने उन्हात धरायला लावतो. नारळाचा जेवढा भाग उजळलेला दिसतो, तेवढाच चंद्राचाही दिसतो.

दुसरी चूक उतावळ्यांची : नवी दुर्बीण आणली की पौर्णिमाच गाठायची. एका कोजागरीला असाच एक गट कोणालाही न विचारता आला आणि ओहोटीच्या ओल्या वाळूत तिकाटणे रोवून, समुद्रातून चंद्र उगवेल म्हणून पश्चिमेकडे तोंड करून बसला. चंद्र अर्थातच पाठीमागे, माडांच्या वर आला. आपल्याकडे पौर्णिमेचा चंद्र समुद्रात मावळतो, तोही पहाटे. दुर्बीण वळवल्यावर दिसला तो नुसता झगझगाट, कारण पौर्णिमेला ऊन समोरून पडते आणि विवरांना सावलीच उरत नाही. तरीही मंडळी हटेनात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हे कोणत्याही खारव्याने सांगितले असते : पंधरा तिथींचे सव्वाअकरा. शिवाय सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढत असल्याने ते उधाणाचे पाणी. साडेदहाच्या सुमारास लाटेने तिकाटण्याचा एक पाय उचलला आणि दुर्बीण खाऱ्या पाण्यात आडवी झाली. मी स्वतः सप्तमी-अष्टमीखेरीज दुर्बीण बाहेर काढत नाही; उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या कडा तेव्हाच उठून दिसतात, आणि पाणीही भांगाचे, म्हणजे कमी चढउताराचे, असते.

चंद्र रोज त्याच वेळी उगवेल असे धरून येऊ नये. तो दररोज सरासरी ५० मिनिटे उशिरा येतो. मोबाइलमधले ॲप हे सांगते, परंतु सलग पंधरा संध्याकाळी अंगणात उभे राहिलेल्याला ते विचारावे लागत नाही.

क्षितिजावरचा मोठा चंद्र हा भास आहे : हात लांब करून करंगळी धरा, तो तिच्याआड मावतो, माथ्यावर असतानाही.

आणि चंद्राच्या पलीकडच्या बाजूला ‘काळी बाजू’ म्हणू नये. तिथेही सुमारे पंधरवडाभर ऊन असते. १९५९ मध्ये लुना ३ या सोव्हिएत यानाने तिची छायाचित्रे घेतली, ती त्याच उन्हात.