थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम: मध्ये ४ तास हवेत
थायरॉक्सिनची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, हे बहुतेकांना पाठ असतं. घोटाळा होतो कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांनी. ही खनिजं पोटात थायरॉक्सिनला चिकटतात, मग ते रक्तात नीट शोषलंच जात नाही. गोळी रोज घेऊनही टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढणारं संप्रेरक) चढाच राहतो.

म्हणून मध्ये किमान ४ तास सोडा. सांगलीत पहाटे गोळी घेऊन आमराईत चक्कर मारून आलात, की चहापूर्वीचा अर्धा-पाऊण तास आपोआप निघतो. कॅल्शियम दुपारच्या जेवणासोबत, लोह रात्री. मल्टिव्हिटॅमिनच्या वेष्टनावर ही खनिजं आहेत का, तेही वाचा. ॲसिडिटीच्या पातळ औषधातलं ॲल्युमिनियम, मॅग्नेशियमही तोच खोडा घालतं, आणि ते तर कुणी औषध म्हणून मोजतच नाही!

गरोदरपणात लोह, कॅल्शियम, थायरॉइड असं सगळं एकदम चालू असतं. तिथे वेळा कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलेल्या बऱ्या. वेळ बदलली की डॉक्टरांना कळवा. ६ ते ८ आठवड्यांनी (गरोदरपणात साधारण ४ आठवड्यांनी) टीएसएच पुन्हा तपासून तेच डोस ठरवतील, तोवर आपल्या मनाने गोळी कमी-जास्त करू नका.