वर्षावासात विहारात ग्रंथवाचन बसवताना

वर्षावास म्हणजे भिक्खूंनी पावसाळ्यात एका जागी राहण्याचा काळ: आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा, तीन महिने. वस्त्यांतल्या विहारांत या काळात बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन चालतं. पहिल्या आठवड्यात सतरंजी पुरत नाही, भाद्रपदात पाच-सहा डोकी उरतात. दोष पावसाला देतात, पण बहुतेक वेळा घोळ असतो तो वेळेच्या हिशोबाचा.

आधी घड्याळ लावून एक पान मोठ्याने वाचा. सावकाश वाचलं तर साधारण तीन मिनिटं लागतात. म्हणजे अर्ध्या तासात दहा पानं. फक्त रविवारीच बसणार असाल तर तेरा बैठकांत जेमतेम एकशेतीस पानं होतील. आठही खंड त्यात मावत नाहीत. मग वेग वाढवला जातो आणि ऐकणारा सुटतो. रोज वीस मिनिटं जमत असतील तर उत्तमच. नसतील तर सरळ निवड करा आणि ती फळ्यावर लिहा.

रविवारच्या बैठकीला एक तास पुरे: त्रिसरण, पंचशील, बुद्धपूजा पंधरा मिनिटं, वाचन तीस, चर्चा पंधरा. ठरल्या वेळी चारच माणसं असली तरी सुरू करा. एकदा थांबलात की पुढच्या वेळी सगळेच उशिरा येतात.

वाचणारे तीन ठेवा, प्रत्येकी दहा मिनिटं. उतारा आदल्या दिवशी हातात द्या. परिव्राजक, प्रतीत्यसमुत्पाद असे शब्द पहिल्यांदाच समोर आले की माणूस अडखळतो आणि पुन्हा नाव देत नाही. शाळकरी मुलांना छोटा प्रसंग द्या; घरचे आपोआप येतात.

कुठे थांबलो ते पान क्रमांकाने लिहू नका. प्रत्येकाची आवृत्ती वेगळी, पानं जुळत नाहीत. ग्रंथातल्या परिच्छेदांना क्रमांक आहेत, म्हणून वहीत खंड, भाग, प्रकरण आणि परिच्छेद लिहा.

प्रस्तावना गाळण्याची सवय वाईट. सिद्धार्थाने घर का सोडलं, हा प्रश्न बाबासाहेब तिथेच उभा करतात. म्हातारा, आजारी, प्रेत पाहून त्याने घर सोडलं, ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. पहिल्या खंडात मात्र रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य (सिद्धार्थाचं कुळ) आणि शेजारचे कोलिय यांचा वाद येतो. चर्चेला एवढा एक प्रश्न पुरतो. पहिल्या दिवशी, आषाढ पौर्णिमेला, प्रस्तावनेसोबत दुसऱ्या खंडातलं सारनाथचं पहिलं प्रवचन घ्या. दिवस त्याचाच आहे. चर्चेत एकाला दोन मिनिटं. जाणकाराने शेवटी बोलावं, नाहीतर बायका आणि मुलं तोंड उघडत नाहीत.

समारोपाची खीर: पन्नास छोट्या वाट्यांना पाच लिटर दूध, अर्धा किलो तांदूळ, पाऊण किलो साखर. तांदूळ पूर्ण शिजल्यावरच साखर घाला, आधी घातली तर दाणा कडक राहतो. निवल्यावर खीर घट्ट होते, म्हणून लिटरभर गरम दूध वेगळं ठेवा.