पुण्याचं कंपोस्ट सोलापुरात वाळतं: घरातल्या या चुका टाळा

एप्रिल-मेमध्ये सोलापुरातल्या एखाद्या गच्चीवर जाऊन कंपोस्टच्या मडक्याचं झाकण उघडून बघा. कोथिंबिरीच्या काड्या, दोडक्याच्या शिरा, कांद्याची सालं, सगळं टाकलं तसंच असतं, फक्त वाळून कुरकुरीत झालेलं. कुजलेलं काहीच नाही. मडक्याच्या कडेने लाल मुंग्यांची रांग. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "आपल्याला नाही जमत बघ हे," आणि मडकं अडगळीत जातं.

खरं तर जमत नाही असं काही नसतं. कृती पुण्या-मुंबईच्या हवेसाठी सांगितलेली असते आणि आपण ती चाळिशी पार केलेल्या उन्हात करतो. तिथला त्रास ओलीचा, आपला कोरडेपणाचा. घर थोडं हिरवं करायला निघालेल्या सोलापूरकराच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. उत्साह कमी पडत नाही, गाव विसरलं जातं.

मडकं उन्हात, आणि वर "पाणी घालू नका"

"कंपोस्टमध्ये पाणी अजिबात घालायचं नाही" हा सल्ला दमट गावात बरोबर आहे. तिथे भाजीतलंच पाणी जास्त होतं, वास सुटतो, म्हणून सुका पाचोळा भरपूर घालायला सांगतात. आपण तोच सल्ला पाळून ओल्या कचऱ्यावर दुप्पट पाचोळा टाकतो, मडकं भोकाचं असतं, वारा उष्ण असतो, आणि चार दिवसांत आतली ओल उडून जाते. कुजवणारे जिवाणू ओलीशिवाय काम करत नाहीत.

तपासायची पद्धत सोपी आहे. मधला थर मूठभर घ्या आणि दाबा. गोळा वळला आणि बोटांच्या फटीतून एखाददुसरा थेंब आला तर ठीक. भुसभुशीत होऊन सांडला तर कोरडं आहे, धार लागली तर ओलं. उन्हाळ्यात ओला आणि सुका कचरा जवळपास निम्मानिम्मा पुरे. पावसाळ्यात सुका दुपटीपर्यंत न्या. ओलीसाठी नळाचं पाणी वापरायची गरज नाही, तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी शिंपडा. मडकं पश्चिमेच्या भिंतीपासून हलवून जिन्याखाली किंवा सावलीत ठेवा आणि वर ओलं गोणपाट टाका. मुंग्या आल्या म्हणजे औषध मारायचं नाही, ओल कमी झाली एवढंच समजायचं. वास आला तर उलटं: सुकं घाला आणि खालवर करा. जाड पांढरट अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या कचराच खातात, चावत नाहीत. खरकट्याचं प्रमाण कमी केलं की त्याही कमी होतात.

सुक्या मालाला आपल्याकडे तोटा नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुलिंब झडतो तेव्हा दोन पोती पाचोळा भरून ठेवला की वर्षभर पुरतो. ज्यांचं गावाकडे येणं-जाणं आहे त्यांना कडब्याचा चुरा मिळतो. शेंगाची चटणी घरी कुटणाऱ्यांकडे टरफलांचा ढीग असतोच, पण टरफल अख्खं टाकलं तर ते महिनोन्‌महिने तसंच राहतं. पोत्यात घालून पायाने चुरडा, मग टाका. टिळकांनी टरफलं उचलली नव्हती, कंपोस्ट करणाऱ्याला मात्र उचलावी लागतात.

गच्चीवर पत्र्याखाली गांडूळखताचा वाफा करण्याच्या फंदात मात्र पडू नका. खताची गांडुळं पस्तीस अंशांच्या वर जगत नाहीत आणि आपल्या पत्र्याखाली मेमध्ये किती होतं ते सांगायला नको. हौसच असेल तर जमिनीवर, झाडाच्या गार सावलीत, आणि तेही पावसाळ्यात सुरू करा.

अर्धवट कुजलेलं खत कुंडीत घालायची घाईही नको. ते कुजताना मातीतलं नत्र खेचून घेतं, झाड पिवळं पडतं आणि आपण म्हणतो खत लागू पडलं नाही. थोडं खत वाटीत घेऊन त्यात मेथीचे दाणे टाका. चांगले उगवले तर खत तयार आहे.

अंड्याची टरफलं, राख आणि चुना

मोबाईलवर दर दुसरा माणूस सांगतो: अंड्याची टरफलं कुटून घाला, चुलीची राख घाला. हे सल्ले आम्ल मातीसाठी आहेत. सोलापूरची काळी माती दख्खनच्या काळ्या दगडातून, म्हणजे बेसाल्टपासून बनलेली. ती मुळातच चुनखडीची आणि अल्कधर्मी, सामू (पीएच) बऱ्याचदा आठच्या आसपास. तिच्यात आणखी चुना आणि राख घातली की मातीत लोह असूनही झाडाला मिळत नाही. ओळखायची खूण अशी: कोवळं पान पिवळं, शिरा हिरव्या. मोगरा आणि जास्वंदीवर हे पहिलं दिसतं. अशा झाडाला तयार कंपोस्ट द्या, राख नको.

शिळं पाणी

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. मध्ये काही दिवस जातात, म्हणून घरोघरी पिंपं, बॅरल, हंडे, कळशा भरून ठेवतात. इथवर ठीक. पण नळ आला की आधी काय होतं? कालपर्यंत जपून वापरलेलं पाणी "शिळं झालं" म्हणून मोरीत ओतलं जातं आणि त्याच भांड्यात नवं भरलं जातं. उजनी धरणातून शंभरएक किलोमीटर पाइपातून आलेलं पाणी आपण त्याच आठवड्यात गटारीला देतो. सोलापुरातली याहून मोठी नासाडी मला तरी माहीत नाही, आणि ती कुणाला नासाडी वाटतही नाही.

झाकून ठेवलेलं पाणी चार दिवसांत भाकरीसारखं शिळं होत नाही. पिण्याचं उकळा किंवा गाळा, पण उरलेलं आधी कपडे भिजवायला, फरशीला, संडासाला वापरा. पाणी येणार त्या दिवशीच धुणं काढलं तर पिंप आपोआप रिकामं होतं.

पिंप रिकामं झाल्यावर एक काम मात्र चुकवू नका. नुसतं विसळून भागत नाही, आतून घासायचं. डेंग्यूचा डास पाण्याच्या पातळीच्या जरा वर भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवतो. ती कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात आणि पाणी भरलं की उबतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा घासलेलं पिंप सुरक्षित. झाकण घट्ट नसेल तर जुनं सुती धोतर किंवा साडीचा तुकडा दोरीने बांधा.

आरओचं सोडलेलं पाणी कुंड्यांना

आरओ एक लिटर शुद्ध पाणी देताना दोन-तीन लिटर बाहेर टाकतो. ते पाणी बादलीत धरणारी घरं वाढली आहेत, हे चांगलंच. पण बादली भरली की ती थेट कुंड्यांना जाते, ही चूक. गाळलेल्या पाण्यातले क्षार या पाण्यात जमा झालेले असतात, मूळ पाण्याच्या सव्वा ते दीडपट. एकदा-दोनदा घातलं तर काही होत नाही. रोज घातलं की पाणी उडून जातं आणि क्षार मातीत राहतात. महिन्याभरात कुंडीच्या कडेला आणि बाहेरच्या बाजूने पांढरी बुरशीसारखी पापुद्री धरते. ती बुरशी नसते, मीठ असतं. मग पानांची टोकं करपतात आणि आपण ऊन लागलं म्हणून आणखी पाणी घालतो.

हे पाणी फरशी, संडास, गाडी धुणं, यासाठी वापरा. बोअरच्या पाण्यावर आरओ असेल तर सोडलेलं पाणी आणखी जड असतं आणि त्यात साबणाला फेस येत नाही, त्यामुळे कपड्यांनाही नकोच. कूलरच्या टाकीच्या तळाशी उरलेल्या पाण्याचंही तेच, तेही कुंडीत ओतू नये. आधीच असं पाणी घालून झालं असेल तर पांढरा थर वरच्या मातीसकट खरवडून काढा. पहिल्या मोठ्या पावसात कुंड्या उघड्यावर ठेवून भोकातून पाणी वाहू द्या, क्षार धुऊन जातात.

आणि मुळात आरओ लागतो का, तेही एकदा तपासा. भारतीय मानक पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत ठीक मानतं. हे क्षार मोजणारा टीडीएस मीटर फार महाग नसतो, एखाद्या शेजाऱ्याकडे असतोच. नळाच्या पाण्याचा आकडा त्याच्या आत असेल तर साधा फिल्टर आणि यूव्ही (जंतू मारणारा अतिनील दिवा) पुरतं आणि दोन-तीन लिटरचा प्रश्नच मिटतो.

कपडे धुतलेलं पहिलं साबणाचं पाणी झाडांना नको, शेवटच्या खळबळण्याचं चालतं. मात्र ते त्याच दिवशी वापरा, दुसऱ्या दिवशी त्याला घाण वास सुटतो.

पिशवी: हातमागाच्या गावात तरी फसू नका

रंगीत, कापडासारखी दिसणारी, मिठाईच्या आणि कपड्यांच्या दुकानात मिळणारी पिशवी कापडाची नसते. ती पॉलीप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच. उजेडात धरून बघा. उभे-आडवे धागे दिसले तर कापड, नुसते दाबलेले तंतू आणि ठिपक्यांचे ठसे दिसले तर प्लास्टिक. ज्या गावात कितीतरी घरांच्या मागच्या पिढीत कुणीतरी मागावर बसलेलं आहे, तिथे हे ओळखायला दुकानदाराला विचारावं लागू नये.

दुसरी चूक उलट बाजूची: हिरवं व्हायचं म्हणून दहा नव्या कापडी पिशव्या विकत घ्यायच्या. कापूस पिकवायलाही पाणी लागतं. जुन्या चादरीतून शिवलेल्या दोन पिशव्या बास, फक्त त्यातली एक कायम गाडीच्या डिकीत ठेवा. पिशवी घरी विसरणं हाच खरा रोग आहे.

चादरीचा विषय निघालाच आहे तर तेही सांगतो. विरलेली सोलापुरी चादर पायपुसणं करण्याआधी पश्चिमेच्या खिडकीला लावून बघा, पण खिडकीच्या बाहेरून. काचेच्या आत पडदा लावला तर उष्णता आधी आत येते आणि मग अडते. जुना टॉवेल आधी ओट्याला, मग फरशीला. पॉलिस्टरच्या साडीची फडकी करू नका, ती पाणी नुसतं ढकलते, शोषत नाही. ती बोहारणीला द्या, भांडं तरी येईल.

बंबात जाळणं

पाणी तापवायच्या बंबात दुधाच्या पिशव्या, चपलेचे तुकडे, जुनी नायलॉनची कापडं घालणं अजून थांबलेलं नाही. चपलांत वगैरे असणारं पीव्हीसी प्लास्टिक जळलं की धुरातून डायॉक्सिनसारखे विषारी पदार्थ बाहेर पडतात, आणि बंब असतो कुठे, तर बोळात, मुलांच्या नाकाशी. त्या राखेने भांडी घासणं तर त्याहून वाईट. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला 5,000 रुपये दंड ठरवला. पाचोळा पेटवणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं, वर सांगितलेली दोन पोती आठवावीत.

दुधाच्या पिशवीचा कोपरा कापताना पूर्ण तोडू नका. तो बोटभर तुकडा कुणी वेचत नाही, गटारीत जातो. पिशवी रिकामी झाली की उलटी करून भांडी धुतलेल्या शेवटच्या पाण्यात बुडवा आणि वाळवा. सुका कचरा धुवायला ताजं पाणी सोडणं आपल्या गावाला परवडत नाही. तेलकट डबा आधी रद्दीच्या कागदाने पुसला की अर्धं काम होतं. अशा वाळलेल्या पिशव्या भंगारवाला घेतो, खरकट्या घेत नाही. वेफर्सची चकचकीत पाकिटं तोही घेत नाही, कारण त्यात प्लास्टिक आणि अॅल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले असतात. ती घंटागाडीतल्या सुक्या कचऱ्यात टाका.

फुटलेली ट्यूबलाइट, सेल, मुदत संपलेली औषधं यांना तिसरी पिशवी करा आणि घंटागाडीवाल्याला हातात देताना आत काय आहे ते सांगा. ट्यूबमध्ये पारा असतो, काच उघडी दिली तर त्याचा हात कापतो. जुन्या कागदात गुंडाळून वरून दोरी बांधा.